दोन पडदे, एक खेळ

(संगणकावरचे खेळ आपण खेळतो, ते तयार कसे होतात, हे मात्र क्वचितच पाहतो. निन्टेंडो डीएस या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी हौशी लोक घरी बसून खेळ तयार करतात. दोन किंवा अधिक जणांनी मिळून खेळायचा नेमबाजीचा खेळ तयार करताना कोणत्या अडचणी येतात आणि त्या कशा सोडवतात, ते या पाठात सांगितले आहे.)

समजा, एक आपा आणि तिचा धाकटा भाऊ मुन्ना एकाच खोलीत बसले आहेत. दोघांच्या हातांत एकेक खेळयंत्र आहे. आपाच्या पडद्यावर मुन्नाचा गडी दाराजवळ उभा दिसतो. ती नेम धरते आणि बटण दाबते. त्याच क्षणी मुन्नाच्या पडद्यावर त्याचा गडी दाराआड गेलेला असतो. आपा म्हणते, "मी तुला टिपले!" मुन्ना म्हणतो, "आपा, मी तिथे नव्हतोच!" दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. ज्याला जे दिसले, तेच तो सांगतो आहे.

मग खरे काय मानायचे? नेमबाजीचा खेळ तयार करणाऱ्याला हा प्रश्न सोडवावाच लागतो. पुष्कळांना वाटते, की चित्रे काढणे हेच सर्वांत अवघड काम असेल. चित्रेही अवघड आहेतच. पण ज्याने हा उद्योग एकदा केला, तो सांगेल की दोन पडद्यांचे एकमत घडवून आणणे त्याहून अवघड असते.

दोन यंत्रे जोडून एकमेकांवर नेम धरण्याचा खेळ नवा नाही. १९७३ साली अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काही विद्यार्थी इम्लॅक नावाच्या संगणकावर काम करत होते. त्यांनी पडद्यावर एक भुलभुलैया तयार केला. पुढे दोन संगणक तारेने जोडले आणि त्या भुलभुलैयात दोघे जण एकमेकांना शोधू लागले. या खेळाला 'मेझ वॉर' म्हणतात. १९८७ मध्ये 'मिडी मेझ' हा खेळ आला. अटारी एसटी या संगणकाला वाद्ये जोडण्याची सोय होती. खेळ तयार करणाऱ्यांनी तीच सोय वापरून एका संगणकाची तार दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला असे कडे तयार केले. त्यात सोळा जण एका वेळी खेळू शकत. वाद्यांच्या तारांवरून खेळ चालवण्याची ही युक्ती मला फार आवडते. आणि खेळातील गडी कसे, तर हसरे गोल चेहरे! ना रक्त, ना प्रेत. हाच खेळ १९९१ मध्ये 'फेसबॉल २०००' या नावाने गेम बॉय या छोट्या यंत्रावर आला.

नेमबाजीच्या खेळात माणसेच मारली पाहिजेत, असे कोठे लिहिले आहे? रंगाचे फुगे फेकता येतात, पतंग काटता येतात, हसऱ्या चेहऱ्याला क्षणभर बाद करता येते. यंत्राच्या दृष्टीने हिशेब तोच राहतो. काय टिपायचे, हे खेळ तयार करणाऱ्याने ठरवायचे असते.

आता आपल्या यंत्राकडे वळू. निन्टेंडो या जपानी कंपनीचे डीएस हे यंत्र २००४ च्या अखेरीस विक्रीस आले. ते पुस्तकासारखे उघडते. त्याला दोन पडदे आहेत आणि खालचा पडदा छोट्या काडीने स्पर्श केला की ओळखतो. प्रत्येक पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके असतात. नेमबाजीला ही काडी फार सोयीची. डाव्या हाताच्या बटणांनी चालायचे आणि उजव्या हाताने काडी सरकवून नजर फिरवायची. २००६ मध्ये आलेल्या 'मेट्रॉइड प्राइम हंटर्स' या खेळात हीच रीत होती. डावखुऱ्या मुलांसाठी मात्र उलटी व्यवस्था ठेवायला विसरू नये. हे काम दहा मिनिटांचे असते आणि तेच नेमके राहून जाते.

हे यंत्र आता कारखान्यात तयार होत नाही. त्यावरून इंटरनेटवर खेळण्याची कंपनीची सेवाही मे २०१४ मध्ये बंद झाली. पण हौशी लोकांनी यंत्र सोडले नाही. कंपनीने मान्यता न दिलेल्या, घरी तयार केलेल्या खेळांना 'होमब्रू' म्हणतात. यंत्राच्या आत काय आहे, हे कंपनीने या लोकांना सांगितले नव्हते. त्यांनी एकेक भाग तपासून, चुकत चुकत शोधून काढले आणि लिहून ठेवले. 'जीबीएटेक' नावाचा असा एक मोठा दस्तऐवज सर्वांना खुला आहे. 'सी' या भाषेत लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा रूपात बदलणारी 'डेव्हकिटएआरएम' ही साधनेही फुकट मिळतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. घरी केलेला खेळ यंत्रात घालण्यासाठी एक खास कार्ड लागते. त्याच कार्डावर लोक बाजारातले विकाऊ खेळ चोरून उतरवून घेऊ लागले. म्हणून २००९ मध्ये तोक्योच्या आणि २०१० मध्ये लंडनच्या न्यायालयाने अशा कार्डांच्या विक्रीविरुद्ध निकाल दिले. स्वतः खेळ तयार करणे वेगळे आणि दुसऱ्याची मेहनत फुकट घेणे वेगळे. हा फरक खेळ तयार करतानाही पाळावा लागतो. 'क्वेक' या १९९६ च्या प्रसिद्ध खेळाचा प्रोग्राम त्याच्या कर्त्यांनी १९९९ मध्ये सर्वांना खुला केला. पुढे हौशी लोकांनी तो डीएसवरही चालवून दाखवला. पण त्या खेळातील चित्रे आणि आवाज खुले केलेले नाहीत. तेव्हा प्रोग्राम घ्या, अभ्यासा, बदला. पण चित्रे स्वतःची काढा.

डीएसची मुख्य मेमरी फक्त ४ एमबी आहे. आज मोबाइलने काढलेले एकच छायाचित्र कधी कधी एवढी जागा घेते. यंत्रात दोन प्रोसेसर आहेत. मोठ्याचे सेकंदाला सुमारे ६ कोटी ७० लाख ठोके पडतात आणि लहानाचे त्याच्या निम्मे. खेळ आणि चित्रे मोठा सांभाळतो. आवाज, स्पर्श आणि वायफाय लहान सांभाळतो. पडद्यावर दर सेकंदाला ६० वेळा नवे चित्र यायला हवे. म्हणजे एका चित्रासाठी मोठ्या प्रोसेसरला सुमारे ११ लाख ठोके मिळतात. ऐकायला ही संख्या मोठी वाटते. पण भिंती, गडी, आवाज, निरोप हे सगळे तेवढ्यातच बसवायचे असते.

जग काढायचे ते त्रिकोणांनी. भिंत म्हणजे दोन त्रिकोण, पेटी म्हणजे बारा. डीएसला एका चित्रात जास्तीत जास्त २०४८ त्रिकोण काढता येतात. चार गडी खेळत असतील, तर प्रत्येकाला बाकीचे तिघे दिसू शकतात. एका गड्याला १५० त्रिकोण दिले, तर तिघांचे ४५० झाले. हातातल्या पिचकारीला १२० धरा. मग घर, जिने आणि झाडे यांना दीड हजाराच्या आतच राहावे लागते. म्हणून असे खेळ मोकळ्या मैदानात न ठेवता वळणावळणाच्या गल्ल्यांत ठेवतात. वळणापलीकडचे दिसत नाही, म्हणून काढावेही लागत नाही.

आकडेमोडीतही एक अडचण आहे. दशांश अपूर्णांकांची गणिते झटपट करणारा भाग या प्रोसेसरमध्ये नाही. मग अडीच मीटर कसे लिहायचे? आपला किराणा दुकानदार काय करतो, ते आठवा. अडीच रुपयांना तो २५० पैसे म्हणतो आणि अपूर्णांक टाळतो. येथे एका रुपयाचे १०० पैसे असतात, तसे यंत्रात एका मीटरचे ४०९६ भाग करतात. (शंभराने भागताना आपण दोन शून्ये उडवतो. यंत्र दोनच अंकांत मोजत असल्यामुळे ४०९६ ने भागणे त्याला तितकेच सोपे जाते.) अडीच मीटर म्हणजे १०२४० भाग आणि दीड मीटर म्हणजे ६१४४ भाग. दोहोंचा गुणाकार ६,२९,१४,५६० येतो. त्याला ४०९६ ने भागले की १५३६० उरतात, म्हणजेच पावणेचार. उत्तर बरोबर आले.

पण गुणाकार फार मोठा झाला तर? साधी संख्या ज्या खणात मावते, तो खण सुमारे २१४ कोटींपर्यंतच भरतो. गडी ५० मीटर दूर असेल, तर अंतराचे भाग २,०४,८०० होतात. अंतर काढताना या संख्येचा वर्ग करावा लागतो आणि तो ४१०० कोटींच्याही पुढे जातो. खण ओसंडतो आणि उत्तर चक्क ऋण येते. अंतर कधी ऋण असते का? पण यंत्र विचारत नाही. 'दहा मीटरच्या आत आहे का?' या प्रश्नाला ते 'हो' म्हणते आणि मैदानाच्या टोकाचा गडी जवळच्या फुग्याने भिजतो. म्हणून असा गुणाकार दुप्पट मोठ्या खणात करावा लागतो.

येथपर्यंत खेळ एकट्याने खेळण्याजोगा झाला. आता दुसरे यंत्र जोडू.

पहिली अडचण जोडणीचीच आहे. कंपनीच्या खेळांत दोन डीएस एकमेकांशी थेट बोलतात. ती बोली निन्टेंडोची खास होती, म्हणून बराच काळ होमब्रूवाल्यांनी सरळ घरातल्या वायफायचा मार्ग धरला. पण जुन्या डीएसला एक तर विनाकुलपाचे जाळे चालते, नाही तर 'वेप' नावाचे जुने कुलूप असलेले. ते कुलूप कच्चे आहे, हे २००१ मध्येच अभ्यासकांनी दाखवून दिले होते. म्हणून खेळासाठी वेगळे जाळे ठेवावे आणि घरच्या कामाचे जाळे त्यापासून दूर ठेवावे.

निरोप पाठवण्याच्या दोन रीती आहेत. एक रजिस्टर पत्रासारखी आहे. पत्र पोचले की नाही ते पाहायचे, हरवले तर पुन्हा पाठवायचे आणि ते पोचेपर्यंत मागची पत्रे अडवून ठेवायची. हिला टीसीपी म्हणतात. दुसरी साध्या पोस्टकार्डासारखी आहे. टाकले की विसरायचे. हिला यूडीपी म्हणतात. शाळेचा दाखला पाठवायचा असेल, तर आपण पहिली रीत निवडू. पण 'मी आत्ता खांबाजवळ आहे' एवढेच कळवायचे असेल, तर? तो निरोप हरवला आणि अर्ध्या सेकंदाने पुन्हा पोचला, तर तो काय कामाचा? तोवर गडी पुढे गेलेला असतो. म्हणून नेमबाजीच्या खेळात पोस्टकार्डच बरे. शिवाय प्रत्येक कार्डावर आधीच्या दोन कार्डांचा मजकूर पुन्हा लिहितात. एखादे हरवले तरी पुढचे ते भरून काढते.

कोणती बटणे दाबली, नजर कोणत्या दिशेला होती, वेळ काय होती आणि कार्डाचा अनुक्रमांक, एवढे लिहायला सुमारे १० बाइट लागतात. तीन वेळचा मजकूर धरला तर ३०. आणि वरचा पत्ता? तोच २८ बाइटांचा असतो! चिठ्ठीएवढाच लिफाफा जड. म्हणून सेकंदाला ६० चिठ्ठ्या न पाठवता २० पाठवतात.

पण चिठ्ठीत नेमके काय लिहायचे? येथे दोन मते आहेत आणि दोन्हींमागे मोठे खेळ उभे आहेत. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम' या खेळात प्रत्येक संगणक फक्त दाबलेली बटणे कळवत असे. सर्वांची बटणे सर्वांना मिळाली, की प्रत्येक संगणक स्वतः तोच हिशेब करी आणि सर्वांना तेच उत्तर मिळे. सेकंदाला ३५ वेळा असे चाले. आता सर्वांचे उत्तर सारखे येण्यासाठी नशिबाचा भागही सारखाच हवा. म्हणून डूममध्ये २५६ संख्यांची एक ठरावीक यादी होती. फासा टाकायचा म्हणजे त्या यादीतली पुढची संख्या घ्यायची! ही रीत अगदी स्वच्छ आहे. तिच्यात दोष एवढाच, की एकाची चिठ्ठी उशिरा आली तर सगळेच थांबतात. चार मित्र फिरायला निघाले आणि एकाच्या चपलेचा पट्टा तुटला, तसे.

क्वेकमध्ये निराळी व्यवस्था केली. तेथे एक यंत्र पंच होते. त्याला सर्व्हर म्हणतात. बाकीची यंत्रे आपली बटणे पंचाला कळवतात, पंच हिशेब करतो आणि निकाल सर्वांना पाठवतो. एकासाठी बाकीचे थांबत नाहीत. पण मग प्रत्येक पावलाला विलंब लागू लागला. बटण दाबायचे, चिठ्ठी पंचाकडे जायची, उत्तर यायचे आणि मग आपला गडी हलायचा. यावर डिसेंबर १९९६ च्या 'क्वेकवर्ल्ड' या सुधारित आवृत्तीत उपाय आला. त्या उपायाला मराठीत काय म्हणावे? 'अंदाज' हाच शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. तो फारसीतून आला. तुमच्या उर्दूतही आहे आणि मराठीतही.

बटण दाबताच यंत्र पंचाची वाट न पाहता आपला गडी पुढे नेते. पंच बहुधा हेच म्हणेल, असा त्याचा अंदाज असतो. थोड्या वेळाने निकाल येतो. तो अंदाजाशी जुळला, तर काहीच करायचे नाही. जुळला नाही, तर पंचाने सांगितलेल्या जागेवर परत जायचे, त्यानंतर दाबलेली बटणे पुन्हा एकदा मोजायची आणि नव्या जागी यायचे. हे सगळे एका चित्राच्या वेळात उरकते. खेळणाऱ्याला फक्त बारीकसा हिसका जाणवतो.

हा अंदाज स्वतःबद्दल झाला. दुसऱ्याबद्दल तो चालत नाही, कारण मुन्ना पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, हे आपाच्या यंत्राला कसे कळणार? म्हणून यंत्र दुसऱ्या गड्याला मुद्दाम थोडे मागे ठेवते. त्याच्या दोन बातम्या हातात आल्या, की त्यांच्यामधली वाट आखून त्याला सावकाश चालवते. त्यामुळे चाल गुळगुळीत दिसते. पण याचा अर्थ असा, की समोरचा गडी आत्ता कोठे आहे ते आपण पाहतच नाही. तो मघाशी कोठे होता, ते पाहतो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून सूर्यही आपण मघाचाच पाहतो. येथे उशीर आठ मिनिटांचा नसतो; सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा असतो.

एवढ्याशा वेळाने काय बिघडते? हिशेब करून पाहू. गडी सेकंदाला पाच मीटर धावतो. सेकंदाच्या दहाव्या भागात तो अर्धा मीटर पुढे जातो. अर्धा मीटर म्हणजे जवळजवळ माणसाच्या खांद्यांची रुंदी. आपाने गड्याच्या छातीवर अचूक नेम धरला, तरी पंचाच्या हिशेबात तेथे रिकामी हवा असते. पाठाच्या सुरुवातीचे भांडण हेच आहे.

पंचाने काय करावे? एक मार्ग कडक आहे. पंचाला आत्ता जे दिसते, तेच खरे. मग आपाने नेहमी गड्याच्या अर्धा मीटर पुढे नेम धरला पाहिजे. ज्याचे जाळे मंद, त्याने आणखी पुढे. म्हणजे ज्याचे जाळे चांगले, त्याचाच नेम चांगला ठरतो. हा न्याय मला पटत नाही.

दुसरा मार्ग असा आहे. पंच गेल्या एका सेकंदातील सर्व गड्यांच्या जागा वहीत लिहून ठेवतो. आपाची चिठ्ठी आली, की ती बटण दाबताना तिच्या पडद्यावर कोणता क्षण होता, ते पंच पाहतो. वहीचे पान मागे उलटून सर्व गड्यांना त्या क्षणाच्या जागी उभे करतो. मग तिच्या नेमाची सरळ रेष ओढतो. रेष मुन्नाच्या गड्याला लागली, तर तो बाद. त्यानंतर सर्वांना पुन्हा आजच्या जागी आणतो. 'हाफ-लाइफ' या १९९८ च्या खेळाच्या कर्त्यांनी ही रीत वापरली आणि २००१ मध्ये लेख लिहून सविस्तर समजावली. एवढ्याशा डीएसला हे पेलेल का? एका नोंदीला १६ बाइट धरा. चार गडी, सेकंदाला २० नोंदी, म्हणजे ८० नोंदी आणि १२८० बाइट. ४ एमबीच्या मेमरीत न्यायाची ही वही कोपऱ्यात कोठेही मावते.

आपाला न्याय मिळाला. आणि मुन्नाला? तो तर आपल्या पडद्यावर भिंतीआड सुखरूप पोचला होता. तेथे पोचल्यावर त्याला कळले, की तू बाद. त्याच्या दृष्टीने फुगा भिंतीतून आरपार आला! एकाला न्याय देताना दुसऱ्यावर थोडा अन्याय झालाच. यातून पूर्ण सुटका नाही. विलंब आहे तोवर कोणाच्या तरी वाट्याला तो येणारच. फक्त तो कोणी आणि किती सोसायचा, एवढेच खेळ तयार करणारा ठरवू शकतो. माझ्या मते पान मागे उलटण्याला मर्यादा हवी. सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त मागे पंचाने जाऊ नये. ज्याचे जाळे त्याहूनही मंद आहे, त्याने पुढे नेम धरायला शिकावे. त्याच्यासाठी भिंतीआड गेलेल्या सर्वांना धोक्यात ठेवणे बरे नव्हे. आणि बाद झालेल्याला, मारणाऱ्याच्या डोळ्यांनी तो क्षण पुन्हा एकदा दाखवावा. निकाल बदलत नाही, पण तो कसा लागला हे त्याला समजते. बहुतेक भांडणे तेवढ्यावर मिटतात.

चिठ्ठीत काय लिहू द्यावे, याचाही न्यायाशी संबंध आहे. आपाच्या यंत्राने 'मी मुन्नाला टिपले' असे लिहून पाठवले आणि पंचाने ते मानले, तर काम फार सोपे होईल. वहीही नको, रेषाही नको. पण होमब्रू खेळाचा प्रोग्राम उघडा असतो. कोणीही त्यात एक ओळ बदलून 'मी सर्वांना टिपले' असे लिहू शकतो. म्हणून यंत्राने फक्त 'मी बटण दाबले' एवढेच सांगावे. साक्षीदाराने पाहिलेले सांगावे. निकाल त्याने देऊ नये.

पंच कोणाचे यंत्र असावे, हा शेवटचा पेच. चौघांपैकी एकाचे यंत्र पंच केले, तर त्याची चिठ्ठी प्रवास न करताच पोचते. विलंबाचा त्रास तिघांना आणि फायदा एकाला. यावर उपाय दोन. घरात संगणक असेल, तर पंचाचे काम त्याला द्यावे. नसेल, तर पंच झालेल्याची बटणेही मुद्दाम तितकाच वेळ अडवून ठेवावीत, जितका वेळ बाकीच्यांना लागतो. स्वतःच्याच हाताला उशीर लावणारा हा नियम पंच झालेल्या मुलांना सहसा आवडत नाही.

हे सर्व संगणकावरच्या नकली डीएसमध्ये तपासून भागत नाही. तेथे निरोप हरवत नाहीत. खरी यंत्रे घ्यावी लागतात, एकाला शेजारच्या खोलीत न्यावे लागते, दार लावून घ्यावे लागते. दर दहा चिठ्ठ्यांतील एक आपणच फाडून टाकावी आणि खेळ तगतो का ते पाहावे.

आणि कोणी मध्येच यंत्र मिटले तर? डीएस मिटले की ते झोपते आणि त्याच्या चिठ्ठ्या थांबतात. बाकीच्यांच्या पडद्यावर त्याचा गडी मैदानात पुतळ्यासारखा उभा राहतो. अशा पुतळ्याला टिपून गुण मिळवणे बरोबर नाही, म्हणून एक सेकंद चिठ्ठी आली नाही की त्याला पारदर्शक करून टाकतात. पाच सेकंदांनी त्याचे नाव यादीतून जाते. मिटलेले यंत्र पंचाचेच असेल, तर उरलेल्या तिघांपैकी जो सर्वांत आधी खेळात आला होता तो पंच होतो, आणि त्याच्या वहीत पहिली नोंद पडेपर्यंत कोणाचाही नेम मोजला जात नाही.

शब्दार्थ : विलंब – देर, पंच – मुन्सिफ, निकाल – फैसला, साक्षीदार – गवाह, गडी – खिलाडी, ऋण संख्या – शून्यापेक्षा लहान संख्या, ओसंडणे – भरून बाहेर सांडणे, तगणे – टिकून राहणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'मिडी मेझ' या खेळात संगणक कशाने जोडले होते?
(आ) एका मीटरचे ४०९६ भाग का करतात?
(इ) डूम या खेळात फासा कसा टाकत?

प्र. २. गडी सेकंदाला चार मीटर धावतो आणि निरोपाला सेकंदाचा पाचवा भाग उशीर होतो. तेवढ्या वेळात गडी किती पुढे जाईल? नेम किती चुकेल?

प्र. ३. पाठात आलेले अंदाज, हिशेब, नजर, फरक हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे उर्दूतील उच्चार वर्गात म्हणून दाखवा. असे आणखी पाच मराठी शब्द शोधून वाक्यांत उपयोग करा.

प्र. ४. "पंचाला आत्ता जे दिसते तेच खरे" आणि "वहीचे पान मागे उलटून पाहावे" या दोन मतांपैकी तुम्हांला कोणते पटते? मुन्नाच्या बाजूने पाच आणि आपाच्या बाजूने पाच वाक्ये लिहा.